उलटनगरीचा मुकुट

मित्रांनो, मी एक जुना मुकुट आहे. पण खऱ्या राजाच्या डोक्यावर मी कधी बसलो नाही. रिठद गावच्या सोमला सुताराने मला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरले आणि वर बेगड चिकटवली. मी नाटकासाठी होतो. गावातल्याच दौलतसिंगांनी लिहिलेल्या त्या नाटकात उलटनगरी नावाचे राज्य होते. तिथे बायका दरबार चालवत आणि पुरुष डोक्यावर पदर घेऊन दळण दळत. लोक पोट धरून हसत. शेवटी परमुलखातला राजा येई. राणी मला त्याच्या पायाशी ठेवून म्हणे, "राज्य तुमचे, चूल माझी." टाळ्या तिथेच पडत.

राणी होत गावातलेच उदयसिंग, मिशी काढून. बाईला रंगमंचावर मज्जाव होता. दौलतसिंगांच्या विधवा वहिनी रंगूबाई पडद्यामागे बसून कपडे शिवत आणि नटांना विसरलेली वाक्ये सांगत. सगळे नाटक त्यांना तोंडपाठ होते.

एकोणीसशे चौतीस साली, होळीनंतरच्या एका दुपारी, रिसोडहून गाड्या भरभरून माणसे आली आणि नेमका उदयसिंगांचा आवाज बसला.

"मी उभी राह्यतो," रंगूबाई म्हणाल्या.

"वयनी, बाईमाणूस नाटकात? लोक तोंडात शेण घालतीन."

"राणी बाईच हाय ना, भाऊजी? मंग बाई कायले नाही चालत?"

पडदा उघडायची वेळ झाली होती. दौलतसिंगांनी मला उचलून त्यांच्या हाती दिले.

पहिले वाक्य रंगूबाईंच्या तोंडून जेमतेम फुटले. दुसऱ्या प्रवेशात मात्र त्यांनी दरबारात पाण्याचा तंटा असा सोडवला, की लोक हसायचेच विसरले. शेवटी राजा पाय पुढे करून उभा राहिला. रंगूबाईंनी मला काढले, त्या अर्ध्या वाकल्या, आणि थांबल्या. मग सरळ होऊन त्यांनी मला पुन्हा डोक्यावर ठेवले.

"चूल माही हाय. राज्यबी माहं हाय. मी खाली ठेवनार नाही."

एकही टाळी पडली नाही. बायकांच्या बाजूने तेवढी अमीनाबी बांगडीवाली उठून म्हणाली, "नको ठेवू, बाई."

घाईघाईने पडदा पाडला गेला. नाटक बंद झाले. मला माळ्यावर टाकले आणि रंगूबाईंची चूल वेगळी केली. पुरुषांनी त्यांच्याकडे शिवायला कपडे टाकणे सोडले. रंगूबाई डगमगल्या नाहीत. अमीनाबीने बांगड्या भरता भरता घरोघरी त्यांचे नाव सांगितले, आणि चोळ्यांची कामे येऊ लागली.

दोन वर्षांनी त्यांनी दिराकडून मला मागून नेले. त्यांच्या अंगणात गावातल्या पोरी उलटनगरी खेळू लागल्या. आया कामाचे निमित्त काढून बघायला येत. एके दिवशी दौलतसिंगही आले. कुंपणापाशी थांबून त्यांनी खेळ पाहिला, मग बगलेतली नाटकाची वही काढून खाली बसले.

"वयनी, शेवटचं पान फाडलं मी. तुमी सांगा, मी लिहितो."

आता माझी बेगड उडाली आहे, एक टोक वाळवीने खाल्ले आहे. मित्रांनो, मला कधीमधी तेलाचा बोळा फिरवा, एवढे पुरे. पण मला जपायचे म्हणून पेटीत कोंडू नका. एखादी पोर हात पुढे करील, तर तिला द्या. डोक्यावर नीट बसतो की नाही, ते तिचे ती पाहील.