रांगेत न बसलेला बाण

मी उरलेला बाण बोलतोय. कागदोपत्री मला हवाई संरक्षणाचं क्षेपणास्त्र म्हणतात, पण ज्यांना मला उचलावं लागतं ते एवढं लांबलचक नाव घेत बसत नाहीत. शत्रूचं क्षेपणास्त्र शहरावर आलं की त्याला आडवं जायचं आणि त्याच्यासकट आभाळातच संपायचं, हे माझं काम. उडायचं एकदाच. बाकी जन्म वाट बघण्यात.

कारखान्यात एका बाईने माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "जा बाबा, पडून राहा." आम्हाला याहून चांगला आशीर्वाद नाही.

नऊ वर्षं पडून राहिलो. आम्ही अठ्ठेचाळीस भाऊ, सहा शेडांत विखुरलेले. एक शेड गेली तरी बाकीच्या वाचाव्यात, म्हणून तसा नियमच होता. त्यामुळे बहुतेक भावांचं तोंडही मी पाहिलं नाही. माणूस म्हणून भेटायची ती तपासणीवाली. पेटीत ओल शिरलीय का, ते दर आठवड्याला बघायची. नुकतंच लग्न झालेलं. नवरा शहराबाहेरच्या टेकडीवर, बाण सोडणाऱ्या तुकडीत. युद्ध सुरू झालं तसा त्याचा रोज फोन यायचा. नव्या नवरीला विचारावं असं बरंच काही असतं, हा विचारायचा, "बाण कधी पाठवताय? आमच्याकडे दोनच उरलेत."

तेवढ्यात पाहणीची वर्दी आली. कोठारप्रमुख म्हणाले, "मोठे साहेब सहा शेडा कुठे फिरणार? सगळे मोठ्या शेडमध्ये लावा. सरळ रांगेत."

"साहेब, रांग वरूनही छान दिसते," तपासणीवाली म्हणाली.

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. मग परत विखरू."

"मग आठ तरी टेकडीवर जाऊ द्या."

"आणि आठ कमी भरले तर उत्तर तू देणार का?"

ती पेट्या हलवायला गेली.

माझ्या पेटीला पोचा आला होता. "हे ध्यान नको रांगेत," म्हणून मला पाण्याच्या टाकीमागे ताडपत्रीखाली ढकललं. भावांना पहिल्यांदाच एकत्र राहायला मिळालं, आणि मी तेवढा बाहेर. फार लागलं मनाला.

पाहणी पुढे ढकलली. मग आणखी पुढे. रांग मात्र तशीच. पुन्हा मांडायचा कंटाळा कुणाला नसतो? पाचव्या दिवशी भर दुपारी, माणसं पलीकडे जेवायला गेलेली असताना, शत्रूची क्षेपणास्त्रं आमच्याच छपरावर आली. आडवं जायला जन्मलेले माझे सत्तेचाळीस भाऊ आडवे पडल्या जागीच गेले.

धूर ओसरल्यावर कोठारप्रमुख उपड्या बादलीवर बसून राहिले. तपासणीवालीने त्यांना एका शब्दाने टोचलं नाही. ताडपत्री उचलली, माझी पेटी तपासली आणि म्हणाली, "कोरडा आहे. ट्रक बोलवा."

ती स्वतः मला घेऊन टेकडीवर आली. नवऱ्याने ट्रकात डोकावून पाहिलं. "बाकीचे मागून येतायत ना?"

तिने नाही म्हणून मान हलवली. त्याने तिचा काजळलेला हात धरला, आणि मग दोघांनी मिळून मला चढवलं.

त्याचे दोन कालच खर्ची पडले. बाण सोडायच्या चार नळ्यांत आता मी एकटा. कोठारं ज्यांच्या हाती आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे: आम्हाला मांडून बघायची हौस करू नका.

टेकडीखाली एक बाई गच्चीवर कपडे वाळत घालतेय. मध्येच वर चार नळ्यांकडे बघते, आणि निवांत पुढचा चिमटा लावते.