शिवलिंगप्पाचा पटका

माझं घर गावाच्या उताराला. म्हंजी सगळ्या गावाच्या मोऱ्या पळत येऊन माझ्याच दारात बसायच्या. अठरा वर्सं दारात काळं डबकं. पाव्हणे यायचे, नाकाला पदर लावायचे आन् उभ्यानंच निघायचे. माझ्या दारात बसून कुणी च्या म्हणून प्याला न्हाय. लई लाज वाटायची बगा.

म्हणून जवा ग्रामसेविका दानेश्वरी म्हणाली, "चंद्रव्वा, तुमची परसातली जागा द्या, सांडपाणी गाळायचा वाफा करू," तवा मी लगीच व्हय म्हणले. आदी गाळ बसायची टाकी, मग खडी-वाळूचा वाफा, त्यात कर्दळ लावलेली. मुळांतनं गाळून पाणी पलीकडच्या हौदात पडणार.

वरच्या आळीचा शिवलिंगप्पा, माजी सरपंच. हसला की मेला! "मोरीचं पाणी कुटं निवळतंय व्हय? ह्या हौदात माझा पटका धुवून पांढरा निघाला, तर तुझ्या दारात बसून च्या पितो. न्हायतर ग्रामसभेत वाफा बुजवायचा ठराव मीच मांडतो."

"लागली पैज, अप्पा," मी म्हणले.

वाफा चालू झाला, पन दीड महिन्यात माझीच जिरायची येळ आली. कर्दळ पिवळी पडली, टाकी तुंबली, घाण परत दारात. ग्रामसभेला तीन आठवडे उरलेले. दानेश्वरीचं तोंड एवढंसं झालं. मी पदर खोचला, टाकीचं झाकण काढलं आन् फावडं घातलं. खण्णकन वाजलं! सिमेंटागत थर बसलेला. हातानं मोडून बगितला तर राख. भांडी घासायची राख आन् खरकट्याचं तेल, दोन्ही मिळून घट्ट झालेलं.

तशीच रागानं घरोघर निघाले. "कोण गं राख सोडतंय मोरीत?"

बाळाबाईनं भांडी घासता घासता वर बगितलं. "अव्वा, तुमीच तर सांगता, राखंबिगर भांडं निघत न्हाय. कुणी साबण लावला की नावं ठेवता. अख्ख्या गावाला तुमीच लावलंय की हे!"

अय्यो शिवा! खरंच की. सगळ्यात जास्त राख माझ्याच घरची. दारात उभी राहून मी येड्यागत हसत सुटले.

मग काय, बायका गोळा केल्या, टाकी खणून मोकळी केली. राखंची भांडी उकिरड्याकडं घासायची, पैलं पाणी तितंच वतायचं. मोरीत राख दिसली की त्या घरच्या दारात मी हजर. आठवड्याभरात कर्दळीला नवी पालवी आली.

ग्रामसभा वाफ्याकाठीच भरली. "आणा अप्पा पटका," मी म्हणले. त्यांनी दोन्ही हातांनी डोकंच धरलं. लोक बगायलेत म्हटल्यावर सोडला बिचाऱ्यांनी. मी हौदात तीनदा बुचकळला, पिळला, उन्हात धरला. पांढराफेक! अप्पांनी उलटा केला, सुलटा केला, वास घेतला. मग वल्लाच डोक्याला गुंडाळला. पाणी मानंवर वघळलं तसं म्हणाले, "गार हाय की."

बायकांनी अशा टाळ्या पिटल्या, काय म्हणता! मी तर ढसाढसा रडले, सगळ्यांदेखत.

मग अप्पा माझ्या दारात येऊन बसले. एक कप प्याले, साखर कमी हाय म्हणाले, दुसरा मागितला, तिसराबी मागितला. अठरा वर्सं दारात कुणी टेकलं न्हवतं, आन् हा मेला आता उठायचं नाव घेईना.