गाळणीत गेलेल्या माश्या

मी एक जुना सापळा आहे. मित्रांनो, सापळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे उंदीर आला असेल, पण माझा उंदरांशी काही संबंध नाही. मी काचेचा आहे, पोटाने गोल, बुडाला आत वळलेलं भोक असलेला. क्रीट बेटावर सिफिसकाकांच्या ऑलिव्हच्या बागेत उन्हाळाभर सावलीच्या फांदीला लटकत असतो. माझ्या पोटात वासाचं पाणी असतं. त्या वासाने फळमाशी खालून आत शिरते आणि तिथेच बुडते.

सिफिसकाका पाहुण्यांना मला दाखवून म्हणत, "बघा, किती मारल्या याने." ते ऐकून माझ्या डोक्यात तिडीक जाई. अहो, मी मारायला नाही, मोजायला टांगलेला आहे. माझ्यात पाच-पन्नास पडल्या म्हणजे बाहेर झाडांवर किती असतील याचा अंदाज घ्यायचा असतो. मादी माशी हिरव्या फळाला टोचून आत अंडं घालते. वरून सुईच्या टोकाएवढा तपकिरी डाग दिसतो, आत अळी गर पोखरत बसते. पुढे ती गोल भोक पाडून बाहेर येते, फळं गळतात, आणि जी राहतात त्यांचं तेल कुबट निघतं. गोल भोकं दिसल्यावर धावाधाव करून काही हाती लागत नाही. म्हणून तर मी.

दर पाच दिवसांनी मोजणीवाली अरिस्तेआ सकाळी यायची. माश्या मोजायची, दहा-बारा फळं तोडून डाग बघायची, नवं पाणी भरायची आणि आकडा कॉफीच्या दुकानातल्या फळ्यावर बागवाल्याच्या नावापुढे लिहायची. सगळ्या बागांचे आकडे मिळून हद्दीबाहेर गेले, की फवारणीची माणसं येत आणि झाडांवर विषारी आमिषाचे सपकारे मारून जात. इतकं सोपं काम होतं.

घोळ त्या फळ्याने केला. एका साली काकांच्या नावापुढे एकतीस आले. त्यांच्या शेजारचा बागवाला आंद्रुलिस भर दुकानात म्हणाला, "काका, यंदा तेल देणार की माश्यांचं लोणचं?" सगळे हसले. काका घरी आले ते तोंड पाडूनच.

तेव्हापासून मोजणीच्या दिवशी काका अरिस्तेआच्या आधी यायचे. मला उतरवायचे, पाणी चहाच्या गाळणीतून गाळायचे, माश्या मातीत पुरायचे. चार मात्र परत टाकायचे. अगदीच रिकामा दिसलो तर संशय आला असता ना. मग अरिस्तेआ यायची, चार मोजायची.

"काका, तुमची बाग नशीबवान हो."

"नशीब कसलं? निगा लागते," काका म्हणायचे.

फळांवरचे डागही तिला दिसायचे. पण तिने विचारलं की काका म्हणत, "वाऱ्याने घासलंय गं." मी काचेचा, मला तोंड नाही. पोटातली साक्ष दर मोजणीला कुणी ओतून देतंय आणि आपण लटकत राहायचं, यासारखा संताप दुसरा नाही.

त्याच उन्हाळ्यात अरिस्तेआला नात झाली आणि धर्मपिता व्हायचा मान काकांना मिळाला. आमच्याकडे बाप्तिस्म्याला बाळाला अंगभर ऑलिव्हचं तेल लावतात आणि ते तेल धर्मपित्याने आणायचं असतं. "माझ्या झाडांचं आणीन, पहिल्या घाण्याचं," काकांनी शब्द दिला.

सप्टेंबरात पाऊस पडला आणि माश्या फोफावल्या. फळ्यावर मात्र सगळ्या बागांपुढे तीन, चार, पाच. फवारणी आलीच नाही. नोव्हेंबरात अर्धी फळं झाडाखाली पडलेली. घाण्यावर नवं तेल हुंगून घाणेवाला म्हणाला, "काका, हे दिव्यात जाळा."

बाप्तिस्म्याला काकांनी विकतच्या तेलाची बाटली नेली, वरचा कागद खरवडून. हे मला त्यांच्याच तोंडून कळलं, कारण दुसऱ्या दिवशी ते झाडाखाली बायकोशी बोलत होते. "अरिस्तेआने ओळखलं गं. वर मलाच म्हणते, 'काका, दोष माझा. माझी मोजणी चुकली. हे काम आता सोडते.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?" काकूंनी विचारलं.

"काय म्हणणार? केक खाल्ला."

पुढच्या जूनमध्ये मला पुन्हा टांगलं. शेवटचा उन्हाळा म्हणून अरिस्तेआच मोजणीला होती. तिसऱ्या मोजणीच्या सकाळी काका लवकर आले. गाळणी हातात होती. त्यांनी मला उतरवलं, पण गाळणी खिशात घातली आणि मला तसंच हिंदकळत कॉफीच्या दुकानात नेलं. अरिस्तेआ फेरीला निघण्याआधी कॉफी पीत होती. काकांनी मला तिच्या पुढ्यात ठेवलं.

"मोज. इथेच, सगळ्यांदेखत."

तिने मोजल्या. "सत्तेचाळीस."

"गेल्या साली याहून जास्त होत्या. मी गाळून टाकायचो. तुझी मोजणी चुकली नव्हती, पोरी."

मला वाटलं, आता हशा उसळणार. कुणी हसलं नाही. आंद्रुलिस कपात बघत म्हणाला, "माझ्या सापळ्यात साठ होत्या. मी आदल्या रात्री सगळं पाणीच बदलून टाकायचो." मग कोपऱ्यातून कुणी पन्नास म्हणालं, कुणी चाळीस.

इतके दिवस मी समजत होतो, माझंच नशीब फुटकं. सगळ्या खोऱ्यातले सापळे माझ्यासारखेच गप्प लटकत होते.

अरिस्तेआने खडू उचलला. "सांगा पुन्हा. सावकाश सांगा, खरे आकडे लिहायची मला सवय नाही," ती म्हणाली.

चार दिवसांत फवारणी आली. त्या वर्षी तेल चांगलं निघालं. पहिल्या घाण्याचा डबा घेऊन काका अरिस्तेआच्या दारात गेले. तिने तो ठेवून घेतला, मोजणीचं कामही सोडलं नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही वाईट बातमी देणारं कुणीतरी असेल, माझ्यासारखं फांदीला टांगलेलं. त्याला पुसा, धुवा, जपा. पण ते जे सांगतं ते गाळू नका. काकांचं तेल आता दरवर्षी चांगलं निघतं. बाळाचा बाप्तिस्मा मात्र एकदाच होतो.