शिंपीकाकांच्या पायाची सवय

"पाय झोपला म्हणून नस झोपली असं धरून चालू नकोस. आधी नसेला विचार, मग सर्जनला हो म्हण."

हे माझ्या सरांचं वाक्य. मी भूल देणारी डॉक्टर. सरांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण ऑपरेशनच्या यादीत मूत्राशयातली गाठ दिसली की ते अजूनही माझ्या कानाशी येऊन उभे राहतात. गाठ बाजूच्या भिंतीवर असेल, तर भिंतीच्या पलीकडूनच मांडीची एक नस गेलेली असते. गाठ खरवडणाऱ्या तारेतला करंट त्या नसेला लागला, की कमरेखाली बधिर असलेला माणूसही लाथ झाडतो. आत तार आणि बाहेर लाथ, मग मूत्राशयाला भोक पडायला वेळ लागत नाही.

परवाच्या यादीत अशीच एक केस होती. आदल्या संध्याकाळी तपासायला गेले, तर शिंपीकाका खाटेवर मुकाट बसले होते आणि बोलत होत्या काकू.

"दुसरी खेप आहे ही. महिन्यापूर्वी दुसऱ्या दवाखान्यात नेलं, तर यांनी डॉक्टरांना लाथ मारली. काम अर्धं टाकून बाहेर आले बिचारे."

"मुद्दाम नाही मारली," काका चादरीकडे बघत म्हणाले.

"मुद्दाम मारायला तुम्ही काय गाढव आहात? चाळीस वर्षं पायमशीन चालवलं, पायाला सवयच लागली. डॉक्टर, झोपेतसुद्धा चालू असतो हो यांचा पाय. सकाळी उठते तर माझ्या पोटरीला टीप घातलेली."

म्हणून काकूंनी महिनाभर मशीनचा पट्टा काढून ठेवला होता. एवढ्यावर भागलं नव्हतं. मशीन न्यायला रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. काकांनी एकदाच वर पाहिलं. आपलं म्हणणं मांडायची सोयच राहिली नाही, असा तो चेहरा होता.

मी काकूंना नसेची गोष्ट समजावून सांगितली. लाथ करंटनं मारली, काकांनी नाही, असंही म्हटलं.

"तुमचा स्वभाव चांगला आहे," काकू म्हणाल्या, "म्हणून त्यांची बाजू घेताय."

सकाळी काकांच्या पाठीत इंजेक्शन दिलं. पाय जड झाले, मग बधिर. काका जागे होते आणि डोक्यावरच्या मोठ्या दिव्याच्या चकचकीत कडेत स्वतःला बघत होते. मी डाव्या जांघेत बारीक सुई घातली. सुईला वायर, वायरीला साबणाच्या वडीएवढं यंत्र. ते नसेला हलकासा करंट देतं आणि नस सापडली की मांडी उडायला लागते. टक, टक, टक.

काकांनी ते दिव्यात पाहिलं. "झाला सुरू," ते खचून म्हणाले. "मॅडम, बांधून टाका त्याला."

"काका, तो मी हलवतेय."

"उगाच समजूत काढू नका."

"बघा. हे बटण बंद केलं." मांडी थांबली. "हे चालू केलं." मांडी टकटक उडायला लागली.

"परत करा बरं."

मी परत केलं. तिसऱ्यांदाही केलं.

"म्हणजे त्या दिवशीही..."

"त्या दिवशीही करंटच होता. तुम्ही नव्हतात."

काका दिव्याच्या कडेत मांडीचं उडणं बघत राहिले. मग म्हणाले, "ठेका मात्र एकसारखा आहे. माझा नव्हता हो इतका, तरुणपणीसुद्धा."

मी औषध सोडलं. मांडीचं उडणं मंदावलं, पण थांबेना. सर्जनसाहेब हात धुऊन येऊन उभे होते.

"मॅडम, पारायण संपलं की सांगा."

"एक अध्याय राहिलाय, साहेब."

"पाठीतलं इंजेक्शन दिलंय ना? पाय हलणार कसा?"

"तो आत्ता हलतोय, तसाच."

ही नस पुढे दोन फांद्यांत वाटली जाते. पुढची झोपली होती, मागची जागी. सुई किंचित खोल नेली, रक्त येत नाही ना ते मागे ओढून पाहिलं आणि उरलेलं औषध सोडलं. टक. मग बऱ्याच वेळानं अर्धं टक. मग काही नाही. करंट वाढवून पाहिला, तरी काही नाही. मी सुई काढली आणि औषध मुरेपर्यंत मनातल्या मनात देवाचं नाव घेत राहिले. साहेबांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. मी माझ्या वेळेवरच मान हलवली.

पडद्यावर गाठ दिसली, पाण्यातल्या शेवाळासारखी डुलणारी. एरवी साहेबांची गाठीगणिक एक थट्टा असते, आज त्यांची नजर पडद्यावरून हलली नाही.

"डाव्या भिंतीवर येतोय," ते म्हणाले आणि पायाखालचं पेडल दाबलं. सिस्टर, मी, कोपऱ्यातले वॉर्डबॉय मामा, सगळे डाव्या पायाकडे बघत होतो. पाय ढिम्म.

काकांनी मान वळवून खाली डोकावलं. "साहेबही पायमशीनच चालवतात की."

साहेब हसले, पण हात नाही हलू दिला. अर्ध्या तासानं ते सरळ झाले. "मुळापासून निघाली. तुकडे तपासायला पाठवू, पण काम पूर्ण झालं."

मला वाटलं काका खूश होतील. त्यांच्या कपाळाला आठ्या.

"घोटाळा झाला, मॅडम. पाय हलला नाही ना?"

"नाही हलला. तेच तर हवं होतं."

"आता ती म्हणणार, महिनाभर मशीन बंद ठेवलं म्हणून पाय वळणावर आला. हलला असता तरी मशीन गेलं असतं आणि नाही हलला तरी जाणार."

यावर मला हसू आलं. त्यांना आलं नव्हतं, म्हणून मी आवरलं.

"मी सांगेन त्यांना."

"सांगितलंत की काल. सांगून ऐकणाऱ्यातली नाही ती. मला ते टकटक दाखवलंत तसं तिला दाखवलंत, तर गोष्ट वेगळी."

"माझ्या हाताला लावून दाखवते."

"नक्की?"

"नक्की. पुढची केस घ्यायच्या आत."

काकांना शेजारच्या खोलीत हलवलं. रक्तदाब पाहिला, पिशवीतली लघवी फिकट गुलाबी होती, पोट मऊ होतं. सिस्टरनं चहा आणून ठेवला होता. त्यावर बशी झाकली, मनगटावर करंट पोचवणाऱ्या दोन चिकटपट्ट्या लावल्या आणि यंत्र खिशात टाकलं. दाराच्या काचेतून काकू दिसत होत्या. बाकाच्या टोकाला, पिशवी मांडीवर घट्ट धरून. मी चपला बदलल्या, दार आवाज न करता लोटलं आणि त्यांच्याकडे निघाले.