नीलम्माचा अंगठा

मी अंगठ्यावर हजेरी घेणारा एक जुना थंबचा डबा आहे, मित्रांनो, आणि मी चिडलोय. कंपनीच्या कागदावर माझं नाव मोठं आहे, पण मेसमधल्या बायका मला डबाच म्हणतात. लातूरला मुलींच्या एका वसतिगृहात, स्वयंपाकघराच्या दाराशी, सहा वर्षं मी भिंतीला लटकतोय. काचेवर चरे पडलेत, एक बटण आत जाऊन बसलंय. त्याचं मला काही वाटत नाही. माझा राग वेगळा आहे.

खोक्यातून बाहेर आलो तेव्हा समोर नारळ होता. रेणुकादास सरांनी मला हळदकुंकू वाहिलं. सर क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतात. डॉक्टर व्हायचं म्हणून किनवट-हिमायतनगरहून पोरी लातूरला येऊन राहतात, त्यातल्या दोनशे या वसतिगृहात. ते सरांचंच आहे, मेसही त्यांचीच. सर बायकांना म्हणाले, "आजपासून हजेरीची वही बंद. माणूस खोटं बोलतं, मशीन बोलत नाही." किती फुगलो होतो मी तेव्हा! आता आठवलं की लाज वाटते.

मला दोनच वाक्यं शिकवलीत. अंगठा ओळखू आला की "थँक्यू", नाही आला की "प्लीज ट्राय अगेन". तिसरं वाक्य येत असतं तर मी गप्प बसलो नसतो.

भांडी घासायला नीलम्मा होती, किल्लारीची. भूकंप झाला तेव्हा ती तिसरीत होती. शाळा पडली, पुढची दोन वर्षं पत्र्याच्या शेडात गेली, आणि पाटी काही परत हातात आली नाही. आता कुठं काम मागायला गेलं की आधी दाखला मागतात. अहो, फरशी पुसायलासुद्धा सातवी पास लागते! म्हणून तिच्या वाट्याला भांडी आली. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन लेकी शाळेत. हे काम गेलं तर लेकींची शाळा जाणार, हे ती बिलकीसला रोज सांगायची. बिलकीस म्हणजे कणीक मळणारी, तिची जिवाची मैत्रीण.

पहिल्या बसनं नीलम्मा यायची. एक दिवस उशीर नाही. दोन्ही वेळची दोनशे ताटं, वर पातेली, कढया, आणि संध्याकाळी सरांच्या ताटापुरत्या भाकरी. सोड्याची पावडर आणि तारेची घासणी. पहिले काही महिने तिनं अंगठा लावताच मी "थँक्यू" म्हणायचो. मग रेषा फिकट होत गेल्या. शेवटी दहाही बोटं लावून पाहिली, सगळी गुळगुळीत. बिलकीस तिचा अंगठा स्वतःच्या तेलकट केसांवर घासून द्यायची. कधी लागायचा, कधी नाही. नाही लागला की त्या दिवशी गैरहजर. दिवसभर ती माझ्यासमोर भांडी घासायची आणि माझ्या पोटात ती गैरहजर! महिन्यात पाच गैरहजेऱ्या झाल्या की नाव कट, असा सरांचा नियम.

चार झाल्या त्या संध्याकाळी ती सरांपुढं उभी राहिली. सर जेवत होते.

"सर, मी रोज यायलेय. तुमच्या ताटातली भाकर म्याच केली की."

सरांनी भाकर मोडली. म्हणाले, "मशीन काय म्हणतंय ते बघ. एकीला सूट दिली की सगळ्या मागतात."

अहो सर, कातडीचे थर तुम्ही फळ्यावर काढून शिकवता ना? मग कातडी झिजते हे तुम्हाला कुणी सांगायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मग मला तपासायला अबुजर नावाचा दुरुस्तीवाला आला. त्यानं माझ्यात काही दोष नाही असं सांगितलं. नीलम्माची बोटं पाहून म्हणाला, दहा दिवस सोड्याला हात लावू नका, रेषा परत येतील. तिनं सरांना दहा दिवसांची बिनपगारी सुट्टी मागितली. सर फोनवर होते. त्यांनी मान हलवली. मी समोर होतो, मी पाहिलं.

सहाव्या दिवशी सरांनी सिंधु नावाची नवी बाई आणली. तिचा अंगठा माझ्यात भरला आणि नीलम्माचा पुसून टाकला.

अकराव्या दिवशी नीलम्मा आली ती हसतच. घरी लेकींनी तिला भांड्याला हात लावू दिला नव्हता, रोज बोटांना लोणी चोळलं होतं. उजेडात तिनं बिलकीसला बोटं दाखवली, आणि मग माझ्यावर अंगठा ठेवला. मित्रांनो, रेष न् रेष दिसत होती. इतका स्वच्छ अंगठा मी सहा वर्षांत पाहिला नव्हता. आणि मी म्हणालो, "प्लीज ट्राय अगेन." तिनं अंगठा पदराला पुसला, पुन्हा लावला. सात वेळा. इतका वेळ सांगायचा धीर न झालेल्या बिलकीसनं शेवटी तिचा हात धरला आणि तिची जागा सिंधुला दिल्याचं सांगितलं.

सर म्हणाले, सुट्टी दिलीच नव्हती.

"मान हलवली होती की सर."

"मान हलवली म्हणजे हो म्हटलं का?"

तिच्याकडं लेखी काहीच नव्हतं. बिलकीस रागानं मला फोडायलाच निघाली होती, तिला नीलम्मानंच अडवलं.

"डब्याला डोळे न्हाईत बिलकीस. सरांना हायत की," एवढं बोलून ती बसस्टँडकडं गेली.

मित्रांनो, माझी काच पुसा, मला जपा, असलं काही मी मागणार नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाताखाली माणसं येतील. तेव्हा माझ्यासारख्या डब्याशेजारी खिळ्याला एक वही टांगा. ज्याचा अंगठा लागत नाही, त्याच्या तोंडाकडं बघा आणि हजेरी लिहा. इथल्या सरांनाही कुणी तरी हे सांगा, आणि लवकर सांगा. सिंधुला भांड्यांवर लागून पाच महिने झाले. आज सकाळी तिचा अंगठा मला सहाव्या खेपेला ओळखू आला.