चारही कंपनीचे

आमच्या यायले, म्हणजे माझ्या नवऱ्याले, कोणी कंजूष म्हटलं तं मी भांडीन त्याच्याशी. कंजूष नाही माणूस. सारी नोकरी इथं रायपूरले वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात काढली, रिटायर झाले, तरी दारात आलेल्याले कधी चहाशिवाय जाऊ देलं नाही. पण मार्चमध्ये छातीत स्टेंट बसले, अन् तवापासून यायनं आपलं सारंच लहान करून टाकलं. नाव लहानू आहे म्हणून काय तसंच वागाचं?

पाहा ना. फोनचा रिचार्ज वर्षाचा मारला तं स्वस्त पडते, हे लहान पोट्ट्यायलेही समजते. हे महिन्याचाच मारतात. चष्म्याच्या काचा नव्या घेतल्या, फ्रेम जुनीच ठेवली. कलमी आंब्याचं रोप मी हौसेनं आणलं होतं, तं ते उचलून शेजारच्या कांताबाईले देऊन आले. काहून, तं म्हणे, "फळ लागेपर्यंत कोण बसते?" कांताबाईनं ते लावलंही. आता मी रोज भिंतीवरून त्याले पाहते.

डॉक्टरनं असं काही सांगितलं असतं तं गोष्ट वेगळी. डॉक्टर तं म्हणे, काका, गोळ्या घ्या, फिरा, गाडी चालवा, मस्त राहा. पण यायच्या डोक्यात बसलं का आपलं आता थोडंच राह्यलं. तोंडानं बोलत नाहीत, पण मले दिसते. अन् मले राग येते. राग कायचा, भेव वाटते. पण भेव वाटलं का मी रडत नाही, ओरडते. माझा सोभावच तसा आहे, माझी मायही तशीच होती.

तशात टायरचं प्रकरण निघालं.

गाडी आमची जुनी, पण इंजन ठणठणीत आहे. टायर मात्र घासून पार गुळगुळीत झालते. त्या दिवशी बूढ़ातालाब तळ्याच्या वळणावर यायनं ब्रेक मारला तं गाडी थांबायच्या ऐवजी सरकली. समोरच्या स्कूटरवाल्यानं आमाले अख्ख्या पुरानी बस्तीले ऐकू जाईल असं सुनावलं. संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, "उद्याच्या उद्या टायर बदला. अन् चांगल्या कंपनीचे टाका."

"टाकतो ना, लोकल टाकतो," हे म्हणाले.

मी तिथंच स्पीकरवर पायलले फोन लावला. पायल आमची पोरगी, बिलासपूरले बँकेत आहे. मी मराठीत विचारते, ते हिंदीत उत्तर देते, हे आमचं तिच्या शाळेपासून चालू आहे.

"मम्मी, कंपनी वाले ही डलवाओ. ब्रेक अच्छा लगता है. और फिर पाँच-छह साल की छुट्टी," ते म्हणाली.

पाच-छह साल ऐकलं अन् यायचा वरण वाढाचा हात थांबला.

"लोकलवाले दोन साल चालतात," म्हणे. "बहुत झाले."

"कोणाले बहुत झाले?"

"गाडीले," म्हणे, अन् ताट अर्धं ठेवून हात धुवाले गेले.

सकाळी गाडी घेऊन इंद्रजीतकडे गेले. टायरचं दुकान आहे त्याचं, तळ्याच्या पलीकडं. तो छत्तीसगढी पोट्टा, आता पोट्टा काय म्हणा, केस पांढरे झाले त्याचे, पण आमी त्याच्या बापापासून तिथंच जातो. यायनं त्याले सांगितलं का लोकलवाले चार टाक, अन् बाजूच्या लॅबमध्ये रक्त द्याले गेले. फोन गाडीतच विसरले.

आता मले रायपूरची एक गोष्ट सांगू द्या. आमच्या इथं "हव" म्हणजे हो. पण बाई कामात असली अन् कोणी बोलून राहिलं, तरी ते "हव, हव" करत राह्यते. त्याचा अर्थ हो नसते. त्याचा अर्थ, चालू द्या तुमचं, माझा कान इकडं आहे. आमच्या घरात तं अर्धा दिवस हवहवमध्येच जाते. नवीन माणूस फसते, पण इंद्रजीत काही नवीन नाही. फसाले नको होता.

मी चिवड्यासाठी शेंगदाणे तळून राहिली होती. एग्झॉस्ट फॅन घरघर करत होता. फोन वाजला, मी तो कानाखांद्यात दाबला. इंद्रजीत होता. तो काहीतरी बोलला, मी म्हटलं हव. मंग पुन्हा काहीतरी विचारलं, तं म्हटलं हव, हव. शेंगदाणे जळाले नाही पाह्यजे म्हणून मी झारा चालवत होती. तो "ठीक है आंटी" म्हणाला अन् फोन कटला. मले वाटलं यायचा फोन गाडीत राह्यला तेच सांगत असन.

थोड्या वेळानं यायचाच फोन आला. आवाज असा का मले वाटलं रक्ताचा रिपोर्ट वाईट आला.

"तू काय म्हटलं त्याले?"

"कोणाले?"

"ये इथं," म्हणे. "आत्ता ये."

मी गॅस बंद केला, ई-रिक्षा पकडली अन् पोचली. पाहते तं गाडी जॅकवरून खाली उतरलेली, अन् चारही चाकायले नवे कोरे कंपनीचे टायर. काळे कुळकुळीत, खाचा अशा खोल का बोट आत जाईन. माय व! खरं सांगते, मले पाहून बरंच वाटलं.

हे दुकानाच्या पायरीवर हात मागं बांधून उभे. इंद्रजीत मध्ये हात जोडून.

"आंटी, आप ही बताओ," तो म्हणाला. "लोकल में इस साइज के दो ही निकले. मैंने आपसे पूछा, कंपनी वाले चारों डाल दूँ? आपने कहा हव. मैंने फिर पूछा, पक्का? आपने कहा हव, हव."

"अरे, मी तं शेंगदाणे…" असं मी म्हणाले गेली अन् माझं मलेच हसू आलं. हेच चुकलं. यायनं ते हसू पाह्यलं.

"हसून राहिली," म्हणे. "रात्री माझ्यापुढं चाललं नाही, तं सकाळी असा डाव टाकला."

"पायलची शपथ, मले काही ऐकू नाही आलं."

"पायलचाच तं सल्ला होता." मंग इंद्रजीतकडं वळून म्हणे, "निकाल ये सब. शाम तक दो लोकल और मँगा ले."

इंद्रजीत बिचारा म्हणाला, निकाल देता हूँ अंकल, अन् जॅक पुन्हा ओढून आणला. मीही गप बसणार होती, देवाशपथ नाही तं पायलशपथ. चूक माझीच होती ना. पण हे माझ्याजवळ आले, अन् इंद्रजीतले समजू नये म्हणून हळूच मराठीत बोलले. भांडणाचा आवाज नव्हता तो. समजावून सांगाचा होता.

"अंजना, ऐक. पाच-छह साल चालणाऱ्या टायरचं काय करू मी? दोन सालात तुले गाडी इकाच लागीन. तुले चालवता येत नाही. अन् इकताना टायरचे पैसे कोणी वेगळे देत नाही, पाण्यात जाईन सारं. त्यापेक्षा ते तुझ्याजवळ राहू दे."

म्हणजे या माणसानं तिथपर्यंत जाऊन पाह्यलं होतं. आपण नाही, गाडी दारात उभी, गिऱ्हाईक आलं, अन् मी एकटी भाव करून राहिली. शांतपणे पाह्यलं होतं सारं, अन् त्यातही माझं नुकसान होऊ नये याचीच काळजी. मले भेव वाटलं. अन् भेव वाटलं का माझं काय होते, ते मी सांगितलंच आहे.

मी गाडीचं दार उघडलं, पुढच्या सीटवर बसली अन् दार असं आपटलं का समोरच्या पानठेल्यावरचे लोक वळून पाहाले लागले.

"हव म्हटलं मी त्याले!" मी ओरडली. "ऐकून म्हटलं, समजून म्हटलं! चारही कंपनीचेच टाक म्हटलं! आता काढा. मी बसली आहे, मले घेऊन वर उचला गाडी."

"अंजना, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या! तुमी कोण होता माझ्यासाठी गाडी इकणारे? मी कधी म्हटलं मले इकाची आहे? डॉक्टर म्हणते चालवा, पोरगी म्हणते चालवा, अन् तुमी इथं उभे राहून माझं रांडपण ठरवून राहिले! मले पैसे नाही पाह्यजे. मले तुमी पाह्यजे. इथं, या सीटवर. रोज भेव वाटते मले, माहीत आहे का? तुमी महिन्याचा रिचार्ज मारता ना, तवा दर महिन्याले भेव वाटते."

एवढं बोलली अन् रडली. मार्चमध्ये हॉस्पिटलात नव्हती रडली, ते तळ्याकाठी टायरच्या दुकानात रडली. इंद्रजीत पाठ करून उगीच नटबोल्टचे पाने शोधत बसला.

हे खाली वाकले, माझ्या बाजूच्या चाकाच्या खाचांवरून हात फिरवला. उठले, खिशातून रुमाल काढून खिडकीतून मले देला, अन् पैसे द्याले आत गेले.

मी डोळे पुसते न पुसते तं आतून ओरडाचा आवाज. शंभर माणसांत बायकोनं तमाशा केला, आता त्याचा राग कुठं तरी काढाच लागते ना माणसाले. इंद्रजीतनं बिलात चाकायच्या अलाइनमेंटचे पैसे लावले होते.

"अलाइनमेंट का किसने बोला था?" हे कडाडले.

"अंकल, नए टायर में करना पड़ता है. नहीं तो एक साइड घिस जाता है."

"सिखा मत मेरे को! तेरे बाप के टाइम से आ रहा हूँ. बस, हो गया. अगले साल टिकरापारा की दुकान में कराऊँगा अलाइनमेंट. अगले साल क्या, उसके अगले साल भी वहीं जाऊँगा! ये टायर घिस जाएँगे न, तो नए भी वहीं से लूँगा! तेरी सीढ़ी नहीं चढूँगा!"

मी सीटवर ताठ बसली. हे टायर घासाले तं पाच-छह साल लागतात.

हे तणतणत आले, दार लावलं, सीटबेल्ट ओढला, अन् "लुटारू साला" म्हणून गाडी चालू केली. आपण काय बोललो ते यायच्या ध्यानातही नव्हतं. मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तं सावध झाले असते.

गाडी निघाली तवा मी खिडकीतून इंद्रजीतले हात जोडले. त्याले वाटलं मी माफी मागून राहिली. "कोई बात नहीं आंटी," तो म्हणाला, "हो जाता है."