मेंढ्याच्या पोटाखाली

टेइसियास माझा मालक. अथेन्सच्या कुंभारवाड्यात त्याच्या हाताची रेघ नावाजलेली, आणि तोंडही. पेल्यावर चित्राच्या रेघा तो ओढायचा. आकृती तशीच सोडून भोवतालची जागा काळ्या लेपाने भरायची, हे माझं काम, म्हणजे थ्रेसहून विकत आणलेल्या बिथिसचं. वरवर सोपं. पण भट्टीत जाईपर्यंत तो लेप काळा नसतोच. वाळला की मातीत माती मिसळते; कुठे भरलं, कुठे सोडलं, ते भरणाऱ्याच्या डोक्यातच राहतं.

त्या वर्षी माझ्या हातून दोन पेले बिघडले होते. मालकाने बजावलं होतं, तिसरा बिघडला की लॉरियनच्या चांदीच्या खाणीत. तिथून परतलेला गुलाम मी तरी पाहिलेला नाही.

आणि तरीही म्नेसिलोखोस नावाच्या गिऱ्हाइकाच्या पेल्याचं काम चालू असताना मी गल्लीतलं भांडण ऐकत बसलो. दोन बायका एका बोकडावरून एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरत होत्या. हात आपला चालूच. पेल्याच्या आत, तळाशी, गोष्टीतला धूर्त ओडिसियस होता: त्याने एकुलता डोळा फोडलेला राक्षस गुहेच्या दारात मेंढ्यांच्या पाठी चाचपतोय, आणि हा पठ्ठ्या मेंढ्याच्या पोटाला लटकून निसटतोय. भट्टीचं तोंड लिंपून झालं आणि मग मला आठवलं. मेंढ्याखाली मी सरसकट भरलं होतं. ओडिसियसला सोडलंच नव्हतं.

लिंपलेली भट्टी मध्येच उघडली तर सगळाच माल जातो. मी मालकाला न सांगता सरपण सारत राहिलो.

ती उघडली त्या सकाळी म्नेसिलोखोस पेला न्यायला आला होता, आणि तिसरा पेला बिघडलाच तर म्हणून मालकाने आधीच बोलावून ठेवलेला खाणीचा मुकादमही कट्ट्यावर बसून ऑलिव्ह चघळत होता. मालकाने पेला पुसून उन्हात धरला. राक्षस होता, मेंढा होता. मेंढ्याखाली नुसता काळोख.

"बिथ्या, ओडिसियस कुठे आहे?" त्याने अगदी हळू विचारलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मुकादम उठला. मी पेला मालकाच्या हातून ओढूनच घेतला, कशाला ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि माझा अंगठा तळाशी कशाला तरी अडखळला. मालकाची रेघ. जाड लेपाने ओढलेली, केसाएवढी वर आलेली. काळ्यात काळी, पण होती.

"मालक, चूक माझीच आहे," मी म्हणालो आणि पेला म्नेसिलोखोसपुढे धरला. "पण तुम्ही डोळे मिटा, आणि मेंढ्याच्या पोटाखाली बोट फिरवून बघा."

त्याने भुवया चढवल्या, तरी बोट घातलं. खांदा, कंबर, लोकरीत गच्च रुतवलेली मूठ. हळूहळू त्याची दाढी हलायला लागली.

"सापडला लबाड," तो हसत म्हणाला. "त्या आंधळ्याने पाठीच चाचपल्या, म्हणून फसला. आज बैठकीत एकेकाला शोधायला लावतो."

पेला उपरण्यात गुंडाळून तो गेलासुद्धा. मालक मुकादमाकडे वळला.

"तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. माणूस विकायचा नाही."

भट्टीच्या राखेत बसकण मारून मी लाज सोडून रडलो. जगलो, एवढंच डोक्यात होतं.

"रडून झालं की आत ये," मालक म्हणाला. "पुढचा पेला भरायचाय."